दत्तक घेतलेली कबर

(शालनताईंनी आइंडहोवनच्या घरी बसून सांगितलं, तसं)

मी मूळची माणदेशातली. दहिवडीच्या पलीकडं आमचं गाव, आणि गावाच्या उताराला आमची वस्ती, आता तिला नगर म्हणतात, निळी पाटी लावलीय, पण माझ्या लहानपणी नुसतं खालतीकडं म्हणायचे, खालतीकडच्यांना बोलवा, खालतीकडची पोरं आली. माझ्या आज्याचं काम काय होतं सांगू तुम्हाला, वरच्या आळीत कुणी मेलं की त्यांच्या पाव्हण्यांना सांगावा पोचवायचा, दहा कोस असो नाहीतर बारा, चालत जायचं, उंबऱ्याच्या बाहेर उभं राहून सांगायचं की अमके वारले, आणि तसंच माघारी फिरायचं. जन्मभर दुसऱ्यांची मरणं पायानं वाहिली त्यानं, आणि तो स्वतः गेला तेव्हा सांगावा न्यायला माणूसच नव्हता, कारण नेणारा तोच. माझे वडील हे हसून सांगायचे. मला कधी हसू आलं नाही.

वडील शिकले, एसटीत कंडक्टर झाले, त्यांनी मला दहावीपर्यंत शिकवलं आणि भोसरीतल्या टर्नरला दिली. आमचे हे हाताचे फार कसबी, लोखंडाचा केसाएवढा पापुद्रा काढतील, तर त्यांना कंपनीनं इकडं पाठवलं, आइंडहोवनला, चिप बनवायच्या मोठमोठ्या मशीन असतात त्यांचे बारके भाग करायच्या कारखान्यात. दोन वर्षांसाठी म्हणून आलो आणि बावीस झाली. मुलगी यशू, यशोधरा, इथंच जन्मली. तिला मराठी सगळं कळतं, पण मी विचारणार मराठीत आणि ती उत्तर देणार डचमध्ये, आमच्या घरात असा पिंगपाँग चालू असतो दिवसभर.

यशू शाळेत जायला लागली तसं मी घरात बसून काय करू, मग म्हाताऱ्या माणसांच्या घरी मदतीला जायचं काम धरलं. केरफरशी, धुणं, औषधं द्यायची, थोडं बोलत बसायचं. सायकल शिकले त्यासाठी, पस्तिसाव्या वर्षी, साडी सोडून पँट घातली, दोनदा कालव्याच्या कडेला पडले. त्या कामात मला त्रूस भेटली. ती म्हणाली मला मेव्हराऊ म्हणजे बाईसाहेब वगैरे म्हणू नकोस, नुसतं त्रूस म्हण, आता ऐंशीला टेकलेल्या बाईला मी नावानं कशी हाक मारू, म्हणून मी त्रूसआजी म्हणायचे, तिला वाटायचं, आजी हे मी तिला दिलेलं भारतीय आडनावच. लग्न केलेलं नव्हतं, मूलबाळ नाही. जीभ अशी तिखट, मी खिडकी पुसली की चष्मा लावून बघायची आणि म्हणायची, छान, आता बाहेरचं धुकं तेवढं राहिलं.

तर या त्रूसआजीची एक कबर होती. म्हणजे तिची स्वतःची नव्हे, तिनं सांभाळलेली. तुम्हाला माहीत नसेल तर सांगते, खाली दक्षिणेला लिंबुर्गच्या टेकड्यांत अमेरिकन सैनिकांचं मोठं स्मशान आहे, मागच्या महायुद्धात या देशाला सोडवायला आलेली पोरं, हजारो पांढरे क्रूस, हिरव्या गवतावर वळणावळणानं रांगा. आणि इकडच्या लोकांची रीत अशी की एकेक कबर एकेका घरानं दत्तक घेतलीय. वाढदिवसाला फुलं न्यायची, मे महिन्यात त्यांचा स्मरणदिवस असतो तेव्हा जायचं, तिकडं अमेरिकेत त्याच्या घरच्यांना पत्र लिहायचं की तुमचा मुलगा बरा आहे. बरा आहे म्हणजे, समजून घ्या. आईनंतर मुलगी, मुलीनंतर नात असं चालतं, आणि कबर मिळायला लोक नंबर लावून थांबतात. त्रूसआजीच्या आईनं अर्ल नावाच्या पोराची कबर घेतली, तेव्हा त्रूस सहासात वर्षांची. वीस वर्षांचा होता अर्ल. ना त्यांनी त्याला कधी बघितलेलं ना त्यानं त्यांना, ना नात्याचा ना गोत्याचा, पण शेवटच्या आजारात माझा हात धरून ती म्हणाली काय, तर शालन, फ्रीजमधलं लोणी फेकून दे आणि अर्लला तू घे.

मी घरी येऊन सांगितलं तर आमचे हे म्हणाले, आपण स्वतःच्या बापाचं श्राद्ध घालत नाही, बौद्ध माणसं आपण, आणि आता गोऱ्यांच्या पोराचं घालायचं का? इथल्या मराठी मंडळातल्या बायका तर काय, गणपतीच्या जेवणात पोळ्या लाटताना एक म्हणाली, काय शालनताई, आम्ही ट्यूलिप बघायला जातो, तुम्ही मसणात सहल काढता. म्हटलं काढते, तिथं गर्दी कमी असते आणि कुणी कुणाला पोळी जाड झाली म्हणून बोलत नाही.

त्रूसआजी गेली, नोंद माझ्या नावावर झाली. फेब्रुवारीत त्याचा वाढदिवस. मी रेल्वेनं मास्त्रिख्तला आणि पुढं बसनं गेले, पाऊस असा आडवा, फुलं धरू की छत्री धरू. पहिल्यांदा मला काही सुचेना, मग मी मेणबत्ती लावली आणि त्रिसरण म्हटलं. तिथला राखणदार आला, भला माणूस, म्हणाला बाई, मेणबत्ती चालत नाही, नुसती फुलं. म्हटलं बरं. त्रिसरणाला तो नाही म्हणाला नाही, ते मी अजून म्हणते.

अमेरिकेत त्याची पुतणी आहे, कॅरल, माझ्यापेक्षा पंचवीसएक वर्षांनी मोठी. तिला मी यशूकडून पत्र लिहून घेतलं, आणि तिचं उत्तर आलं चार पानी. लाघवी बाई. त्यांचा दक्षिणेकडचा खेड्यापाड्यांचा परगणा, कापसाचा मुलूख, लाल माती, दूरवर एकेक घर. तिनं लिहिलं, अर्लचे आजोबा पण सैनिक होते, तिकडं आपसांत मोठं युद्ध झालं होतं उत्तर आणि दक्षिण असं, त्यात आमची माणसं हरली, आजोबा अनवाणी चालत घरी आले तर घर जाळलेलं, धान्य लुटलेलं, आई परसात चुलीपाशी बसलेली. मी ते फोनवर मराठी करून वाचलं आणि माझ्या डोळ्याला पाणी आलं हो. आमच्याकडं घर कुणाचं जाळतात? वस्ती कुणाची पेटवतात? हरलेलं, अनवाणी, जळलेल्या घराचं माणूस म्हणजे ते आपलंच, मला दुसरं काही ठाऊकच नव्हतं. मी सगळ्यांना सांगत सुटले, अर्लच्या घरचे आपल्यासारखेच गांजलेले, खालतीकडचे. दोन वर्षं सांगत होते. तिला पत्रात पण लिहिलं, मी पण अशाच लोकांतली. तिनं उत्तरात लिहिलं, मला ते वाटलंच होतं.

मग कॅरलचं एक जाडजूड पुस्तक आलं पोस्टानं. त्यांच्या परगण्यातल्या लोकांनी मिळून केलेलं, त्या युद्धात दक्षिणेच्या बाजूनं लढलेल्या सैनिकांच्या घराण्यांचा इतिहास, प्रत्येक घराण्याला दोनतीन पानं, कोण कुठून आला, कुणाची मुलगी केली, कुठल्या लढाईत पाय गेला, घोड्याचं नाव काय. घोड्याचं नाव सुद्धा, सांगते काय! तिनं लिहिलं होतं, नवी आवृत्ती निघतेय, मी मे महिन्यात तिकडं येणार आहे, आणि अर्लच्या पानानंतर तुझं पान घालायचंय, फोटोसकट, त्याची कबर सांभाळणारी म्हणून, तर तुझ्या घराण्याचं लिहून दे.

मला काय आनंद झाला. आमचं घराणं छापून येणार! मी यशूला म्हटलं त्यांचं पान आधी वाचून दाखव, म्हणजे कसं लिहायचं ते कळेल. ती सोफ्यावर आडवी पडून वाचायला लागली आणि वाचता वाचता उठून बसली. इकडं पोरं आईला मामा म्हणतात, तशी म्हणाली, मामा, तुला कळलं का हे कोण आहेत? हे काळ्या माणसांना गुलाम ठेवणारे. गुलामगिरी टिकावी म्हणूनच लढले हे. शाळेत शिकवलंय आम्हाला. तू सगळीकडं सांगत फिरतेस ना आपल्यासारखे, हे आपल्यासारखे नाहीत, हे आपल्या गावच्या वरच्या आळीसारखे आहेत.

मी म्हटलं चुकत असशील, नीट वाच. तिनं बोट ठेवून वाचलं. अर्लच्या आजोबांच्या बापाचं घर युद्धाआधी कसं होतं त्याचं वर्णन, दोन खेचरं, एक दुभती गाय, हातमाग, आणि एक बाई तीस वर्षांची आणि तिची मुलगी. बस. खेचरांच्या ओळीतच. नाव नाही.

अशी ओळ मी आधी वाचली होती. आमच्या गावच्या पाटलांनी एकदा त्यांच्या घराण्याचं पुस्तक छापलं, गुळगुळीत कागदाचं, आणि एसटीच्या कंडक्टरला म्हणून एक प्रत माझ्या वडिलांनाही दिली. वडील रात्रीचं जेवण झाल्यावर वाचत बसायचे, एका पानावर थांबले, तिथं लिहिलेलं, घराच्या चाकरीला महारांची दोन घरं होती. त्यातलं एक आमचं. वडील म्हणाले, शालन, बघ तुझा आज्जा छापून आला, आणि पुस्तक मिटलं. परत उघडलेलं मी बघितलं नाही.

त्या दिवसापासून माझं मन असं कडू झालं. यशू म्हणाली, सोडून दे कबर, नंबर लावून बसलेत लोक, ज्याला घ्यायचीय तो घेईल. आमचे हे म्हणाले, मेलेल्या पोराशी काय भांडण, त्यानं थोडेच ठेवले होते गुलाम. दोघांचं जेवताना रोज जुंपायचं, ती डचमध्ये, हे मराठीत, आणि भाजी माझी निवायची. मी मात्र विचारात. त्रूसआजीला शब्द दिलेला. मरणाऱ्या बाईला दिलेला शब्द. आणि दुसरीकडं ती बाई, तीस वर्षांची, आणि तिची मुलगी. मी फुलं नेते कुणाला, असं वाटायचं. एप्रिलमध्ये मी नोंद सोडायचं पत्र यशूकडून लिहून घेतलं, सही केली, पण पाठवलं नाही. म्हटलं कॅरल येतेय, तिच्या तोंडावर सांगीन. पाठीमागं सांगणं आपल्याला जमत नाही.

मे महिन्यात कॅरल आली. मला वाटलेलं बाई कशी रुबाबदार असेल, तर ही एवढीशी, गुडघा दुखणारी, काठी टेकत, आणि मला बघून अशी मिठीच मारली की माझं पत्राचं पाकीट दोघींच्या मधे चुरगळलं. तिनं घरच्या झाडाची अक्रोडासारखी फळं आणली होती पिशवीभर, स्वतः फोडून सोललेली, इतक्या लांबून. आता अशा बाईला काय बोलणार सांगा.

मग आम्ही तिघी कबरीवर गेलो. घरचं माणूस आलं की राखणदार एक करतो तिथं. ओल्या वाळूची बादली आणतो, क्रूसावरच्या कोरीव नावात ती वाळू हातानं भरतो, मग स्पंजानं वरचं पुसून घेतो, आणि पांढऱ्या दगडावर ते नाव सोन्यासारखं उठून दिसतं. एरवी पांढऱ्यावर पांढरं, लांबून वाचता येत नाही. अर्लचं नाव असं उमटलं आणि कॅरल रडायला लागली, यशूनं तिला धरलं. मी राखणदाराशी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, एवढ्या कबरी खणल्या कुणी हो, त्या थंडीत? तो म्हणाला, काळ्या सैनिकांनी. तेव्हा अमेरिकेच्या फौजेत काळ्यांच्या तुकड्या वेगळ्या असायच्या, बंदुकीऐवजी त्यांच्या हातात फावडं दिलेलं. चिखल, पाऊस, रोज ट्रक भरून प्रेतं यायची, ती पोरं खणायची आणि रडायची, म्हणाला, काहींनी म्हातारपणी सांगून ठेवलंय.

मला एकदम आज्जा दिसला माझा. उंबऱ्याबाहेर उभा.

मी यशूला म्हटलं, मी बोलते ते कॅरलबाईंना जसंच्या तसं सांग, तिखटमीठ लावू नकोस आणि साखर पण घालू नकोस. म्हटलं, कॅरलताई, मी तुम्हाला लिहिलं की मी तुमच्यासारख्या लोकांतली, ते चूक होतं. मी त्या बाईच्या लोकांतली. खेचरांच्या ओळीत जिला घातलंय तिच्या. तुमच्या अर्लला ज्यांनी इथं ठेवलं, आपल्या हातांनी, ते पण तिच्या लोकांतले. तुमच्या पुस्तकात घोड्याला नाव आहे. तिचं काय नाव होतं?

यशू सांगत होती आणि कॅरलचा चेहरा असा लाल होत गेला. मग म्हणाली, आमच्यात हे असं विचारत नाहीत. मी म्हटलं आमच्याकडंही विचारत नाहीत. ती म्हणाली, माझ्या आजीनं सांगितलं तसं मी टाईप केलं, माझ्या मनात सुद्धा आलं नाही. आणि म्हणाली, नाव कुणालाच ठाऊक नाही, कुठं राहिलंच नाही. मी म्हटलं, मग माझं पान नको. तिचं नाव आलं तर तिच्या मागून माझं घाला, नाहीतर नको.

आता तुम्ही म्हणाल पाकीट दिलं का. नाही दिलं. का ते नीट सांगता येत नाही मला. ती म्हातारी खाली वाकून, गुडघ्याचं दुखणं विसरून, अर्लच्या क्रूसावरची सांडलेली वाळू रुमालात गोळा करत होती, कण न् कण, आणि मी तिला हात धरून उठवलं. कबर सोडली असती तर मग परत तिला पत्र लिहायचं कारणच उरलं नसतं, आणि मला उत्तर पाहिजे होतं. यशू बसमध्ये माझ्याशी बोलली नाही. मास्त्रिख्तला स्टेशनवर तिनं मला बटाट्याचे तळलेले काप घेऊन दिले, तेव्हा समजलं की राग उतरला.

कॅरल गेली. जून गेला, पावसाळा म्हणजे इथं काय बाराही महिने, दिवाळी गेली, पत्र नाही. आमचे हे म्हणाले, तोडलंस बघ बाईला. मी दिवसातून दोनदा पोस्टाची पेटी उघडून बघायचे. म्हटलं बोलले ते बरोबर बोलले, पण जास्त बोलले का?

पत्र आलं जानेवारीत. लिहिलं होतं, पुस्तक छापलं, तुझं पान नाही, आणि ती ओळ तशीच आहे, कमिटीतल्या लोकांनी बदलू दिली नाही, म्हणाले जे कागदावर होतं ते होतं. मी कमिटी सोडली. पण तुझा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. कचेरीत जाऊन जुनी दप्तरं बघितली, तिथं पण नुसतं वय. मग एकानं सांगितलं काळ्यांच्या चर्चमध्ये विचार. ते चर्च माझ्या घरापासून दोन मैलांवर आहे, शालन, मी शहात्तर वर्षांची झाले, रोज त्याच्यावरून गाडी नेते, आणि आत एकदाही गेले नव्हते. आत गेले, तर एक म्हातारी बाई भेटली, माझ्याहून मोठी, मी चाचरत सांगितलं मी अमक्या घरची, असं असं एक नाव शोधतेय, तर ती म्हणाली, लेटी. माझ्या आजीच्या आजीची आई. मुलीचं नाव रोझ. दर उन्हाळ्यात आमचं सगळं गोत जमतं तेव्हा पहिलं नाव तिचं घेतो आम्ही. नाव हरवलं कुणी सांगितलं तुम्हाला? तुमच्यातलं कुणी विचारायला आलं नाही, एवढंच.

कॅरलनं तिला विचारलं म्हणे, तुमचं सगळं लिहून घेऊ का मी? तर ती म्हणाली, आमचं लिहिलेलं आहे. तू बस आणि ऐक.

आता कॅरल जाते तिथं, महिन्यातून एखाद्या रविवारी, शेवटच्या बाकावर बसते. सगळ्यांना आवडतं असं नाही, तिच्या गल्लीतल्या दोघी बोलायच्या बंद झाल्यात. मी तिला लिहिलं, बोलणाऱ्या उरल्यात त्यांच्याशी बोल.

यशूला मी पत्र दिलं तर तिनं ते दोनदा वाचलं आणि सही केलेलं ते पाकीट माझ्या कपाटातून काढून तिनंच फाडलं. मला विचारलं सुद्धा नाही.

या फेब्रुवारीत त्याचा वाढदिवस होता, आम्ही दोघी गेलो. गवतावर दंव होतं, माणूस कुणी नव्हतं. यशू जरा लांब उभी राहिली. मी फुलं ठेवली, त्रिसरण म्हटलं, आणि मग त्याला सांगितलं, बाबा अर्ल, तुझ्या आजोबांच्या घरात एक बाई होती, तिचं नाव लेटी, तिच्या मुलीचं रोझ, त्यांची माणसं आहेत, चांगली आहेत. मराठीतच सांगितलं, मनातलं मला तिच्यातच सांगता येतं. वीस वर्षांचं पोर हो ते, आमच्या यशूएवढं. लढायला पाठवला, एवढ्या लांब मातीत ठेवला, आणि घरातलं एवढं साधं कुणी त्याला सांगितलं नाही. कॅरलचा गुडघा बरा होवो, त्या चर्चमधल्या म्हातारीला शंभर वर्षं मिळोत. तुमची, आमची, सगळ्यांची पोरं सुखात राहोत. पण त्यांना घरातलं खरं सांगत जा, ती हयात असेपर्यंत.